हिरड्यांच्या विकारातील रोगप्रतिकारक पेशी : एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

वैद्यकाच्या इतिहासलेखनात देवी, प्लेग, पटकी या साथींना जे स्थान लाभले, ते हिरड्यांच्या विकाराला लाभले नाही. वास्तविक ‘पायोरिया’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि अखेरीस जबड्याचे हाड झिजून दात हलू लागतात. हे हाड नेमके कोण झिजवते, या प्रश्नाचे उत्तर कसे पालटत गेले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

डेल्फ्ट येथील लेव्हेनहुक याने 1683 मध्ये आपल्या दातांवरील थरात हालचाल करणारे सूक्ष्मजीव पाहिले व ते लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. पुढे रोगजंतुशास्त्राचा उदय झाल्यावर मिलर याचा मुखातील सूक्ष्मजीवांवरील ग्रंथ 1890 मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू हाच अपराधी, ही धारणा दृढ होत गेली. विल्यम हंटर याच्या 1910 मधील व्याख्यानानंतर तर मुखातील जंतुसंसर्ग हे साऱ्या शरीराच्या व्याधींचे मूळ मानले जाऊन असंख्य दात उपटले गेले. त्यांतील कित्येक विनाकारण गेले, असे आज म्हणावे लागते.

दरम्यान मेचनिकॉफ याने 1882 मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा टोचून भक्षक पेशी त्याभोवती जमताना पाहिल्या होत्या. या कार्यासाठी त्याला 1908 चे नोबेल पारितोषिक एरलिख याच्यासमवेत मिळाले. मात्र या पेशींकडे शरीराचे रक्षक म्हणूनच पाहिले गेले. रक्षकच घर मोडतो, ही कल्पना दंतवैद्यकात रुजण्यास दीर्घ काळ लागला.

हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. जंतुवादाचा हा मोठा विजय होता. तथापि सूज येणे वेगळे आणि हाड झिजणे वेगळे. 1972 मध्ये हॉर्टन व सहकाऱ्यांना असे आढळले की, दातांवरील थरातील द्रव्याने उद्दीपित केलेल्या मानवी श्वेतपेशी हाड झिजविणारा घटक स्रवतात. पेज व श्रोडर यांनी 1976 मध्ये विकाराच्या चार अवस्था वर्णिल्या. त्यांत आरंभी न्यूट्रोफिल, मग लिंफोसाइट व पुढे प्लाझ्मा पेशींचे प्राबल्य, असा क्रम दिसतो.

याच काळात लो यांचे पथक श्रीलंकेतील दोन चहामळ्यांवर 480 पुरुष मजुरांचे दात तपासत होते. 1970 ते 1985 या काळात ही पाहणी झाली. हे मजूर दात रूढ पद्धतीने स्वच्छ करीत नसत. सर्वांच्या दातांवर थर होता, बहुतेक साऱ्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही 1986 च्या अहवालानुसार सुमारे 8 टक्के मजुरांत विकार वेगाने वाढला, 81 टक्क्यांत मध्यम गतीने, तर 11 टक्क्यांत तो सुजेपलीकडे गेलाच नाही. पस्तिशीत पहिल्या गटातील हिरडीचा आधार सरासरी 9 मिलिमीटर तुटला होता. तिसऱ्या गटात 1 मिलिमीटरहून कमी. थर सर्वत्र असूनही परिणाम इतके भिन्न असतील, तर भेद यजमान शरीराच्या प्रतिसादात शोधणे भाग होते. प्रस्तुत लेखकास येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दंतोपचार कधीच न मिळणे हीच या मजुरांची अभ्यासासाठीची पात्रता होती. पाठ्यपुस्तकांत टक्केवारी येते, मळा क्वचितच येतो. 1985 च्या अखेरच्या तपासणीस मूळ गटातील 161 जणच उरले होते.

प्रश्नाला अनपेक्षित वळण मिळाले ते एका दुर्मिळ आनुवंशिक विकारामुळे. त्यात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून ऊतींत शिरू शकत नाहीत आणि रुग्णांचे दात लहान वयातच पडतात. पहारेकरी नाहीत म्हणून जंतू माजले, हे स्पष्टीकरण अनेक वर्षे पुरेसे वाटले. परंतु मौट्सोपौलोस व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखविले की, अशा हिरड्यांत इंटरल्यूकिन-17 या संदेशद्रव्याचे अतिरिक्त उत्पादन होते व तेच हाड झिजविण्यास कारणीभूत ठरते. न्यूट्रोफिल ऊतींत न पोहोचल्याने हे उत्पादन आवरणारा संकेतच मिळत नाही. 2017 मध्ये त्यांनी अशा एका रुग्णात या द्रव्याच्या निर्मितीला चालना देणारे संकेत औषधाने रोखले, आणि कशालाही दाद न देणारी हिरड्यांची सूज ओसरली.