टोपीची बंदूक : निर्माता व पूर्वेतिहास यांचा शोध

तोंडाकडून दारू व गोळी ठासून, निपलवर बसवलेल्या तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडवायची बंदूक. कोकणपट्टीत ती केपाची बंदूक म्हणूनही ओळखली जाते. टोपीतल्या पाऱ्याच्या स्फोटक क्षाराची ठिणगी निपलच्या छिद्रातून थेट बारापर्यंत जाते; त्यामुळे पावसात रंजक (बार पेटवणारी वाटीतली दारू) भिजण्याची जुनी अडचण संपली. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी या तत्त्वाचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. तांब्याची टोपी १८२० नंतर रुळली, ब्रिटिश सैन्यात ती १८४० च्या सुमारास आली आणि १८६६ नंतर मागून काडतूस भरायच्या स्नायडर रायफलीने तिला हटवले. शिकारीसाठी व पिकांच्या राखणीसाठी ती पुढेही टिकली.

शोधाची सुरुवात या कालपटापासून करावी. उदाहरणार्थ, गोराई, मनोरी व उत्तन ही गावे मुंबईलगतच्या ज्या धारावी बेटावर आहेत, तेथे वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. अशा ठिकाणी घरात निघालेली जुनी बंदूक त्या मोहिमेचे सेनानी चिमाजी अप्पा यांच्या वेळची ठरवण्याचा मोह साहजिक आहे. पण टोपीची बंदूक त्या लढाईत असणे अशक्य. तेव्हाच्या बंदुका तोड्याच्या (जळत्या वातीच्या) वा चकमकीच्या (गारगोटीच्या) होत्या. चकमकीची बंदूक नंतर टोपीवर बदललेली असू शकते, एवढीच एक शक्यता उरते. तशा बंदुकीत घोड्याच्या पट्टीवर, रंजकाची वाटी आणि तिची पोलादी झडप जिथे होती तिथे, स्क्रूची बुजवलेली छिद्रे दिसतात.

हात लावण्यापूर्वी बंदूक भरलेली नाही ना, याची खात्री केलीच पाहिजे. शंभर वर्षे आढ्याला टांगलेल्या बंदुकीतही बार शिल्लक सापडतो. तोंड स्वतःपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत अलगद सरकवावी, तोंडाशी खूण करावी व ती लांबी बाहेरून निपलपर्यंत मोजून पाहावी. काठी बरीच अलीकडे अडली, तर आत बार असल्याचे धरून पोलिसांना कळवावे. दुसरी गोष्ट म्हणजे घासकागद किंवा पॉलिश लावू नये. अर्धा मिलिमीटर खोलीचा ठसा एकदा घासला गेला की त्या बंदुकीचा जन्मदाखलाच जातो.

पट्टीवर कोरलेले नाव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. बर्मिंगहॅमला नळी एका कारखान्यात, घोडा दुसऱ्यात, दस्ता तिसऱ्यात तयार होई. नाव पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असे. लंडनच्या जोसेफ मँटनचे नाव तर इतके चालणारे होते की हलक्या मालावरही ते घातले जाई. नळीवरचे चाचणी-ठसे अधिक भरवशाचे असतात. मुकुटाखाली फुलीसारखे राजदंड आणि बी, पी, सी ही अक्षरे असतील, तर नळीची चाचणी १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात झाली. अंडाकृतीतील ई, एल, जी ही अक्षरे बेल्जियममधील लिएजची. त्यांवर मुकुट असेल तर चाचणी १८९३ नंतरची. महत्त्वाचे ठसे पुष्कळदा नळीच्या खालच्या अंगाला, लाकडात झाकलेले असतात. नळी जाणकाराकडूनच उतरवून घ्यावी.

ईस्ट इंडिया कंपनीचे हृदयाकृती चिन्ह १८०८ च्या सुमारास मागे पडून मुकुट धरलेला उभा सिंह आला. म्हणून टोपीच्या बंदुकीवर हृदयाकृती आढळल्यास ती मुळात चकमकीची असावी किंवा बनावट. नळीचे मापही बोलके असते. १८५३ च्या एन्फील्डची नळी ०.५७७ इंचाची व आत पेचदार खाचांची. १८५७ नंतर हिंदी पलटणींना याच घडणीच्या, पण सुमारे ०.६५ इंचाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. त्यांचा पल्ला व नेम गोऱ्या सैनिकांच्या रायफलींपेक्षा कमी राहावा, हा त्यामागचा हेतू.

दस्त्यावरचे पलटणीचे आकडे वाचताना घाई होते. ‘२७’ दिसताच कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी उठलेली मुंबई इलाख्याची २७ वी पलटण आठवते. पण बंगाल आणि मद्रास इलाख्यांतही २७ वी पलटण होती. इलाख्याची खूण जोडीला असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. देवनागरी अक्षरांवरून ‘मराठा संस्थानची’ असा निष्कर्ष काढणेही तितकेच धोक्याचे, कारण नेपाळच्या शस्त्रागारातून २००३ मध्ये मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या बंदुकांवरही देवनागरी खुणा आहेत.

तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचे छत्रपती शाहू संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय यांतील शस्त्रदालने उपयोगी पडतात. मुंबई इलाख्याचे लष्करी व महसुली दप्तर मुंबईतील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात आहे. गोराई एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती; त्यामुळे १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतरच्या परवान्यांचा माग ठाण्याच्या नावाखाली काढावा.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातील ४५ व्या कलमाची सूट जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या अशा हत्यारांना आहे, जी दुरुस्त करूनही उडू शकत नाहीत. ठासणीची चालू बंदूक, कितीही जुनी असली तरी, या सुटीत बसत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येते व खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. गोराईतील घरात अशी बंदूक निघाल्यास मुंबई पोलिसांकडे नोंद करावी लागते. त्याच बेटावरचे उत्तन मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे.