गिअरबॉक्समधला साक्षीदार : वेग मोजणाऱ्या सेन्सरची आणि त्याच्या निदानाची गोष्ट

यंत्रांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की बहुतेक वेळा आपण ते यंत्र कोणी शोधलं, कधी शोधलं, इथपर्यंत येऊन थांबतो. ते बिघडल्यावर लोकांनी काय केलं, बिघाड कुठे आहे हे त्यांना कसं कळलं, याचाही एक इतिहास असतो आणि तो फारसा कोणी लिहून ठेवत नाही. आज आपण त्याच वाटेने जाणार आहोत. विषय अगदी बारका आहे : ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधला वेग मोजणारा सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू. पण या वस्तूच्या एका चुकीपायी कितीतरी धडधाकट गिअरबॉक्स खोलले गेले आणि कितीतरी मालकांनी विनाकारण मोठाली बिलं भरली.

सुरुवात थोडी मागून करू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दोन गोष्टी कळाव्या लागतात. गाडी किती वेगात आहे, आणि चालक अ‍ॅक्सिलरेटर किती दाबतो आहे. या दोन्हींच्या तोलावर गिअर कधी बदलायचा ते ठरतं. जनरल मोटर्सने १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स दिला. अर्ल थॉम्पसन या इंजिनियरच्या चमूचं ते काम. त्यात विजेचा संबंध नव्हता, सगळा कारभार तेलाच्या दाबावर. बाहेर जाणाऱ्या शाफ्टशी जोडलेला एक गव्हर्नर होता. शाफ्ट फिरू लागला की त्यातली वजनं बाहेर फेकली जात, आणि जितका वेग जास्त तितका तेलाचा दाब जास्त. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा जो गव्हर्नर बसवला, त्याचाच हा पणतू म्हणा ना. एका बाजूने गव्हर्नरचा दाब, दुसऱ्या बाजूने अ‍ॅक्सिलरेटरचा दाब आणि स्प्रिंग, आणि मध्ये एक छोटी झडप. वेगाचा दाब जिंकला की झडप सरकायची आणि वरचा गिअर पडायचा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या व्यवस्थेत वेगाची ‘माहिती’ आणि गिअर बदलणारी ‘ताकद’ एकच होती. तेलाचा दाब हीच बातमी आणि तेलाचा दाब हाच हुकूम. त्यामुळे निदानही त्याच रस्त्याने व्हायचं. गाडी पहिल्या गिअरमध्येच रडत राहिली, वर जाईना, तर मिस्त्री दाबाचा गेज लावून वेगाबरोबर दाब वाढतो की नाही ते पाही. नाही वाढला तर गव्हर्नर काढायचा. बहुधा आत कचऱ्याने काहीतरी अडकलेलं असे. साफ करायचं, परत बसवायचं. डोळ्याला दिसणारा, हाताला लागणारा बिघाड. हे गिअरबॉक्स दणकट इतके की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनांमागे दोन हायड्रा-मॅटिक बसवलेले होते.

मग वीज आत कशी आली? कारण पेट्रोल. १९७३ चं तेलसंकट झालं, १९७५ मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल जास्त खाते, कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलावर तेल घसरत असतं. त्यावर उपाय म्हणजे ठराविक वेगानंतर कन्व्हर्टर आतून क्लचने लॉक करून टाकायचा. कल्पना जुनीच, पॅकार्डने १९४९ मध्ये ती वापरली होती. पण आता हे लॉक कधी लावायचं ते इंजिनचा कॉम्प्युटर ठरवू लागला, आणि कॉम्प्युटरला तेलाचा दाब कळत नाही बरं का. त्याला विजेचे ठोके लागतात. म्हणून वेगाचा सेन्सर आला. सुरुवातीची सोय गमतीची होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत स्पीडोमीटरच्या पाठीमागेच एक प्रकाशाचा सेन्सर बसवलेला असे, तो केबलबरोबर फिरणाऱ्या पात्यावरचा उजेड मोजी. म्हणजे केबल तुटली की काटा शून्यावर आणि त्याच क्षणी कन्व्हर्टरचं लॉकही गेलं. निदानाला काही कष्टच नाहीत, काट्याकडे बघायचं.

आता येऊ मुख्य प्रकरणाकडे. १९८९ च्या मॉडेलसाठी क्रायस्लर कंपनीने ए-६०४ नावाचा गिअरबॉक्स आणला, जाहिरातीतलं नाव अल्ट्राड्राइव्ह. चार गिअर, आणि चारही बदल संपूर्ण इलेक्ट्रॉनिक. गव्हर्नर गेला. बँड गेले, एकाच दिशेने फिरणारे क्लचही गेले. एक क्लच सोडायचा त्याच क्षणी दुसरा धरायचा, आणि हे जमवायला कॉम्प्युटरला आत येणाऱ्या शाफ्टचा आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग सतत हवा. म्हणून दोन सेन्सर : एक इनपुटचा, एक आउटपुटचा. क्लच जसे झिजतील तसा कॉम्प्युटर आपलं वागणं बदलत जाईल, अशी ती ‘शिकणारी’ रचना होती. डोकं खरोखर अचाट होतं. पण हे यंत्र घाईत बाजारात आलं असं आम्हाला वाटतं, कारण पहिल्या वर्षांत त्याने मालकांना रडवलं. त्यात तेलाचाही घोळ. गिअरबॉक्स बनवला होता क्रायस्लरच्या स्वतःच्या खास तेलासाठी, आणि गाडीसोबतची पुस्तिका सांगत होती की ते नसेल तर डेक्सरॉन चालेल. ते चालत नव्हतं.

या गिअरबॉक्सची एक सवय समजून घेतली पाहिजे. कॉम्प्युटरला काही संशय आला की तो सॉलेनॉइडची वीजच तोडून टाकी. वीज गेली की झडपा अशा स्थितीत येत की पुढे जाताना फक्त दुसरा गिअर उरे. रिव्हर्स चालू, पार्क आणि न्यूट्रल चालू, पुढे मात्र दुसराच. इंग्रजीत याला ‘लिंप’ म्हणतात, म्हणजे लंगडत घरी जा. हेतू चांगला : रस्त्यावर अडकू नये, टोचन करायची पाळी येऊ नये. पण मालकाला काय दिसणार? हायवेवर गाडीने झटका दिला आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं. तो म्हणणार, गेला गिअरबॉक्स. आणि किल्ली बंद करून परत चालू केली की लंगडणं जाई! गॅरेजपर्यंत पोचता पोचता गाडी शहाणी झालेली. आपल्याकडे डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरतो, तसंच.

कॉम्प्युटरने कारण नोंदवून ठेवलेलं असे. इनपुट सेन्सरची शंका असेल तर कोड ५६, आउटपुटची असेल तर ५७. पण ते वाचायला कंपनीचा हातात धरायचा स्कॅनर लागे, आणि तो प्रत्येक कोपऱ्यावरच्या गॅरेजात थोडाच असणार? ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याला दिसतं ते एवढंच की ही गाडी वरचा गिअर घेत नाही. त्याचं जुनं ज्ञान त्याला सांगतं की वरचा गिअर घेत नाही म्हणजे आत काहीतरी तुटलंय. उतरवा, खोला. त्या मिस्त्रीला दोष देणं सोपं आहे, आम्ही देणार नाही. पन्नास वर्षं ते ज्ञान खरं होतं.

पण ज्यांच्याकडे स्कॅनर होता ते तरी सुटले का? इथेच खरा पेच आहे. ५० ते ५४ असे आणखी कोड होते, त्यांचा अर्थ ‘अमक्या गिअरचं प्रमाण जुळत नाही’. कॉम्प्युटर करतो काय, तर इनपुटच्या वेगाला आउटपुटच्या वेगाने भागतो. ए-६०४ मध्ये पहिल्या गिअरला उत्तर २.८४ यायला हवं, दुसऱ्याला १.५७, तिसऱ्याला १, चौथ्याला ०.६९. दुसऱ्या गिअरमध्ये आतला शाफ्ट मिनिटाला १,५७० फेरे घेत असेल तर बाहेरचा १,००० घेणार. आता समजा आउटपुट सेन्सरचे काही ठोके गळाले आणि कॉम्प्युटरला १,००० ऐवजी ८०० दिसले. भागाकार येतो १.९६. हा कुठलाच गिअर नाही. आता दुसरी गोष्ट समजा, सेन्सर ठणठणीत आहेत पण क्लच घसरतोय, म्हणून आतला शाफ्ट १,९६० फेरे घेतोय आणि बाहेरचा खरोखर १,०००. भागाकार? तोच, १.९६! एकाचा इलाज थोडक्या पैशांत, दुसऱ्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा, आणि आकडा एकच.

मग चांगल्या मिस्त्रींनी काय केलं, तर तिसरा साक्षीदार गाठला. क्लच खरंच घसरत असेल तर इंजिनचे फेरे अचानक उसळतात, कानाला कळतं, टॅकोमीटरवर दिसतं. सेन्सर खोटं बोलत असेल तर इंजिन शांत असतं, नुसता आकडा बिघडतो. शिवाय आकड्याची चाल बघायची. दीड टनाची गाडी चालत असताना तिचा शाफ्ट निमिषात शून्यावर येऊन निमिषात परत हजारावर जाऊ शकत नाही, जडत्व म्हणून काही आहे की नाही! स्क्रीनवरची रेघ अशी तुटून तुटून खाली पडत असेल तर गिअरबॉक्सला हातसुद्धा लावू नका. एकीकडे फॅरडेचा १८३१ चा विद्युतप्रवर्तनाचा शोध, दुसरीकडे न्यूटनचं जडत्व, आणि दोघांची जबानी गॅरेजच्या फरशीवर ताडून बघायची, असा हा प्रकार.

फॅरडेचं नाव उगाच घेतलं नाही. त्या काळचे हे सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं, समोरून दातेरी चाक फिरतं. प्रत्येक दाता गेला की विजेचा एक हेलकावा. दोन वायर, बाहेरून वीज द्यायची गरज नाही. याची तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. वेटोळ्याचा रोध मोजा, त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आहे का बघा. मग चाकं उचलून फिरवा आणि एसी व्होल्ट वेगाबरोबर वाढतात का बघा. पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका. बारीक तुटलेली तार थंड असताना जुळलेली असते आणि तेल तापलं की उघडते, म्हणून गाडी तापवूनच मोजायचं. सेन्सर बाहेर काढाल तर टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला सापडेल, चुंबक आहे ना तो. थोडा असेल तर पुसा. भरपूर असेल तर मात्र सेन्सर निर्दोष आहे, तो आतली झीज दाखवतोय. आणि सेन्सर चांगला निघाला तरी वायर आणि कनेक्टर राहतातच. वायरिंग हाताने हलवत मीटरकडे बघत राहायचं, हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

नंतर हॉल सेन्सर आले. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, गाडीत यायला शंभर वर्षं लागली. याला साधारणपणे तीन वायर : वीज, अर्थ आणि सिग्नल. अगदी रांगत्या वेगातही हा चौकोनी ठोके देतो, जिथे चुंबक-वेटोळ्याचा सेन्सर मुका होतो. पण जुन्या सवयीने याचा रोध मोजायला जाल तर हाती काही लागणार नाही. आधी वीज पोचते का ते बघायचं, मग अर्थ, मग ठोके.

१९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. एकच सोळा पिनांचा सॉकेट, सगळ्या कंपन्यांना समान कोड. पी-०७१५ म्हणजे इनपुटचा वेग, पी-०७२० म्हणजे आउटपुटचा. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये. स्कॅनर स्वस्त झाला, घरोघरी गेला, आणि चूक उलटी फिरली. पूर्वी सेन्सरपायी गिअरबॉक्स बदलत, आता कोड दिसला की डोळे मिटून सेन्सर बदलतात. त्या कोडचं अधिकृत वर्णन नीट वाचा. त्यात ‘सर्किट’ हा शब्द आहे. सेन्सर, वायर, कनेक्टर आणि कॉम्प्युटरची ती पिन, सगळं मिळून एक सर्किट. कोड सांगतो की या गल्लीत गडबड आहे, घर नंबर सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध, आम्ही तर क्लच-गिअरवाले. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये ऑटोमॅटिक गाडी उभी राहिली. आतला गिअरबॉक्स साधाच, क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यालाही शाफ्टचा वेग कळल्याशिवाय क्लच सोडता येत नाही. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी गेलं, उंदराने वायर कुरतडली, की गाडी गिअर घेत नाही आणि कोणीतरी पहिल्यांदा क्लचचंच नाव घेतो. तेव्हा त्याला एवढंच विचारा : इंजिनचे फेरे उसळत होते का, आणि आकडा मोजताना गाडी गरम होती की थंड?

आणि तो ए-६०४? त्याचं नाव पुढे ४१-टीई झालं, चुका एकेक करून दुरुस्त होत गेल्या, आणि पुढची कित्येक वर्षं तो क्रायस्लरच्या गाड्या ओढत राहिला. त्याचे ते दोन सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरूनच, तेल न काढता पान्याने सुटतात.