परदेशीं स्वयंसेवा : अर्ज आणि पूर्वतयारी (इ. स. १८९९ ते १९३८)

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. इ. स. १९३८ सालीं ते चीन देशांत जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं गेले व ता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले, एवढी हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं काढलेल्या बोलपटानें ती दूरवर पोहोंचविली. परंतु लोकस्मृतीचा असा स्वभाव आहे कीं, ती शेवटावर खिळून राहते व आरंभ विसरते. एक तरुण डॉक्टर भावनेच्या भरांत उठला आणि आगबोटींत जाऊन बसला, असें कांहींसें चित्र त्यामुळें मनावर ठसतें. वस्तुस्थिति तशी नव्हती. त्या प्रस्थानापूर्वीं मागणी, वर्गणी, अर्ज, निवड, परवाना व घरची संमति इतक्या पायऱ्या होत्या, आणि यांपैकीं एखादी पायरी ढळली असती तर पुढील चरित्र घडलेंच नसतें.

आमच्या मतें परदेशीं केलेल्या स्वयंसेवेचें राजकीय मर्म तिच्या अर्जांत सांपडतें. सेवा करूं इच्छिणारा मनुष्य कोणाच्या दारीं जातो, कोण त्याची पारख करतो आणि कोण त्याला ‘जा’ म्हणतो, या तीन प्रश्नांचीं उत्तरें १८९९ पासून १९३८ पर्यंतच्या चाळीस वर्षांत बदलत गेलीं. तो बदल कालानुक्रमानें दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ता. ११ ऑक्टोबर १८९९ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत इंग्रज व बोअर यांचें युद्ध सुरू झालें. नाताळमधील हिंदी लोक तेथलेच रहिवासी असल्यामुळें त्यांच्या सेवेस निव्वळ परदेशसेवा म्हणतां येणार नाहीं. तथापि पुढील अर्जांचा कित्ता तेथें घातला गेला, म्हणून आरंभ तेथूनच करणें प्राप्त आहे. हिंदी मनुष्य भित्रा असतो, स्वतःच्या लाभापलीकडे त्याची दृष्टि जात नाहीं, असा तेथल्या सामान्य इंग्रजाचा समज होता. गांधींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या समजास जें उत्तर दिलें, तें शब्दांनीं नव्हे, तयारीनें दिलें. दरबान येथील डॉ. बूथ यांच्या धर्मार्थ इस्पितळांत गांधी पूर्वींच रोज तास दोन तास काम करीत असत. त्याच डॉक्टरांकडून मंडळींनीं जखमींच्या शुश्रूषेचें शिक्षण घेतलें आणि आपण या कामास शरीरानें योग्य आहों असे वैद्यकीय दाखले मिळविले. मग सरकारकडे अर्ज गेला. सरकारनें आभार मानिले व तूर्त गरज नाहीं असें कळविलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. नकार आला तरी तयारी वायां गेली नाहीं. लढाईचा रंग इंग्रजांच्या विरुद्ध जाऊं लागला, माणसांची चणचण भासूं लागली, तेव्हां तीच नाकारलेली सेवा स्वीकारण्यांत आली. पथकांत सुमारें १,१०० माणसें होतीं. त्यांपैकीं जवळजवळ ३०० स्वतंत्र हिंदी असून बाकीचे गिरमिटिये होते. जखमींच्या डोल्या खांद्यावर घेऊन त्यांना दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावें लागे, आणि स्पियन कोपच्या लढाईच्या सुमारास तर तोफांच्या माऱ्याच्या टापूंत शिरूनही त्यांनीं काम केलें. सहा आठवड्यांनीं पथक मोडण्यांत आलें. अर्जदार प्रजा, पारखणारे सरकार व ‘जा’ म्हणणारेंही सरकार, असें या प्रकरणाचें स्वरूप होतें. प्रजेच्या हातीं एकच गोष्ट होती, ती म्हणजे आधींपासून सिद्ध असणें.

दुसरें उदाहरण १९१२ सालचें. बाल्कन युद्धांत तुर्कस्तानचे सैनिक मोठ्या संख्येनें घायाळ झाले, तेव्हां हिंदुस्थानांतून एक वैद्यकीय पथक तिकडे गेलें. एडिंबरो येथें शिकून लंडनच्या चेअरिंग क्रॉस इस्पितळांत काम केलेले डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे त्याचे प्रमुख होते. महंमद अल्लींच्या ‘कॉम्रेड’ पत्रानें या कार्यासाठीं पैसा उभा केला. डिसेंबर १९१२ मध्यें पथक मुंबईहून निघालें व पुढील वर्षीं परत आलें. त्यांत डॉक्टरांच्या जोडीला अलीगढच्या विद्यालयांतील तरुणही होते. पुढें राजकारणांत नांवाजलेले चौधरी खलिकुज्जमान हे त्यांपैकींच एक. वैद्यकाची पदवी नसलेला मनुष्य मलमपट्टी करण्यास, रोगी उचलण्यास व रात्रीं जागण्यास उपयोगी पडतो, हें या निवडीनें मान्य केलें. येथें पैसा लोकांचा होता आणि माणसेंही लोकांनींच निवडलीं होतीं. अर्ज आतां सरकारच्या दाराऐवजीं वर्तमानपत्राच्या कचेरीकडे वळूं लागला होता. मात्र त्या वर्गणीमागील मुख्य प्रेरणा खिलाफतीविषयींच्या धर्मबंधुत्वाची होती; सर्व राष्ट्राच्या नांवानें कोणी कोणास धाडावें, ही गोष्ट अद्याप दूर होती.

तिसरें उदाहरण लंडनचें. ता. ४ ऑगस्ट १९१४ रोजीं महायुद्ध पुकारलें गेलें व दोन दिवसांनीं गांधी लंडनला पोहोंचले. तेथील हिंदी लोकांची सभा भरली. राज्यकर्त्यांच्या अडचणीच्या वेळीं आपण आपल्या मागण्या पुढें मांडाव्या, सेवा कसली देतां, असा आक्षेप कित्येकांनीं घेतला. तो अगदींच अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं. तरीही स्वयंसेवकांची यादी तयार झाली व लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज गेला. कांहीं काळ घुटमळून त्यांनीं तो स्वीकारला. प्राथमिक उपचारांचा वर्ग डॉ. जेम्स कँटली यांनीं चालविला. वर्गांत सुमारें ८० जण होते. सहा आठवड्यांनीं परीक्षा झाली व एक सोडून सारे उत्तीर्ण झाले. त्यानंतर लष्करी कवाईत आली आणि कर्नल बेकर हे अधिकारी नेमले गेले.

वाद उत्पन्न झाला तो येथेंच. पथकांतील लहान तुकड्यांचे नायक आपण निवडावे अशी स्वयंसेवकांची अपेक्षा होती. अधिकाऱ्यांनीं ऑक्सफर्डचे विद्यार्थी त्यांच्यावर परस्पर नेमले. गांधींनीं विरोध केला आणि आपल्या आत्मचरित्रांत या प्रसंगास छोट्या सत्याग्रहाचें नांव दिलें. वरवर पाहतां हा क्षुल्लक मानापमान वाटेल. आमच्या मतें तसें नाहीं. स्वेच्छेनें आलेला मनुष्य अर्जावर सही केल्यानंतर कितपत स्वेच्छेचा उरतो, हा प्रश्न या तंट्याच्या मुळाशीं होता. परक्या सरकारच्या दारीं जाऊन सेवा मागितली म्हणजे सेवेबरोबर त्या सरकारची शिस्तही पत्करावी लागते, हा धडा १९१४ सालानें दिला. १९३८ च्या मंडळींनीं दुसरें दार निवडलें, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर उमगतो.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर मोठी चढाई केली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. मागणी आली ती व्हाइसरॉयकडे नव्हे, काँग्रेसच्या अध्यक्षाकडे. या एका गोष्टींत चाळीस वर्षांचें अंतर दिसून येतें. पुढील वर्षीं सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतां त्यांनीं देशास आवाहन केलें. जुलै १९३८ मध्यें चीनसाठीं खास दिवस पाळण्यांत आले व सुमारें २२,००० रुपये जमले. रक्कम फार मोठी नव्हे. परंतु ती परतंत्र राष्ट्रानें दुसऱ्या पीडित राष्ट्रासाठीं आपल्या नांवानें काढलेली होती.

निवडलेल्या पांच डॉक्टरांकडे पाहिलें म्हणजे पारखणारांची दृष्टि कळते. प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल हे स्पेनच्या यादवी युद्धांत काम करून आलेले, म्हणजे रणभूमीचा अनुभव असलेले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे वयानें सर्वांत वडील होते. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेले डॉ. कोटणीस हे तरुणांपैकीं होते. पांचव्या जागीं प्रथम कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. परंतु त्यांच्या राजकीय पूर्ववृत्तामुळें सरकारनें त्यांना पारपत्र नाकारलें आणि ऐनवेळीं डॉ. विजयकुमार बसू यांना घेण्यांत आलें. मागणारे चिनी, पैसा देणारे हिंदी, निवडणारी राष्ट्रसभा, आणि तरीही शेवटची कडी सरकारच्या हातांत! राष्ट्राच्या नांवानें माणूस निवडतां येत होता. राष्ट्राच्या शिक्क्यानें त्याला धाडतां येत नव्हतें.

सरकारी परवान्याखेरीज आणखी एक परवाना होता व तो घरचा. कोटणीस त्या वेळीं सत्तावीस वर्षांचे होते व पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारींत होते. सोलापूरच्या गिरणींत नोकरी करणाऱ्या पित्याच्या कुटुंबांत मुलगा डॉक्टर झाला, म्हणजे आतां घराला हातभार लागेल अशी अपेक्षा असणें स्वाभाविक होय. अशा वेळीं वडिलांनीं त्यांस प्रोत्साहन दिलें. स्वयंसेवकाच्या अर्जावर सही एकाची असते, पण तो मंजूर सारें घर करीत असतें. आमच्या इतिहासांत या दुसऱ्या सहीची नोंद क्वचितच होते. पथक चुंगकिंग येथें असतां पित्याच्या मृत्यूची वार्ता कोटणीसांस कळली. परत जाण्याचा सल्ला मिळाला असतांही ते पुढें गेले. त्या नकाराचें मोल पित्याच्या पूर्वींच्या होकारावांचून समजणार नाहीं.

ता. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ आगबोटीनें पथक मुंबईहून निघालें. बरोबर औषधें, शस्त्रक्रियेचें साहित्य व रुग्णवाहक मोटार होती. ता. १७ रोजीं कँटन येथें डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं त्यांचें स्वागत केलें. येथें एका योगायोगाची नोंद करणें अस्थानीं होणार नाहीं. १९१४ सालीं लंडनमध्यें हिंदी स्वयंसेवकांना उपचार शिकविणारे डॉ. कँटली हेच हाँगकाँगमध्यें सुन यत्-सेन यांचे गुरु होते, आणि १८९६ सालीं लंडनच्या चिनी वकिलातींत कोंडलेल्या या शिष्याची सुटका त्यांच्याच खटपटीनें झाली होती.

आतां तयारीविषयीं. नाताळांत व लंडनमध्यें अडाणी हातांना शिकवावें लागलें. १९३८ चे पांचही जण पदवीधर असल्यामुळें तशा वर्गाची गरज कोणास भासली नाहीं. परंतु वैद्यक येणें व त्या देशांत वैद्यक करतां येणें यांत अंतर असतें. चिनी भाषा कोणास येत नव्हती. हँकौ पडण्याच्या बेतांत आलें तेव्हां पथकाला मागें सरावें लागलें. ज्या आठव्या मार्गसेनेनें त्यांना बोलाविलें, तिच्या येनान या ठाण्यावर ते ता. १२ फेब्रुवारी १९३९ रोजीं, म्हणजे मुंबई सोडल्यावर पांच महिन्यांहून अधिक काळानें पोहोंचले. चोळकर व मुखर्जी प्रकृतीच्या कारणानें १९३९ सालींच परतले. अटल यांनाही त्वचाविकारामुळें पुढें परत फिरावें लागलें. बसू १९४३ सालीं आले. कोटणीस मात्र चिनी लिहावयास, बोलावयास शिकले, त्याच भाषेंत विद्यार्थ्यांना शिकवूं लागले आणि जानेवारी १९४१ मध्यें कॅनडाचे दिवंगत डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय इस्पितळाचे प्रमुख झाले. जी तयारी निघण्यापूर्वीं झाली नव्हती ती त्यांनीं तेथें जाऊन केली.

यावरून परतलेल्यांना कमी लेखावें असें कोणी म्हणेल तर तें न्यायाचें होणार नाहीं. उतारवयांत घर सोडून चीनची वाट धरणारे चोळकर आणि तरुण कोटणीस यांच्या संकल्पांत आम्हांस भेद दिसत नाहीं. भेद शरीराच्या शक्तींत होता, आणि तो कोणत्याही निवडमंडळाला अर्ज वाचून पूर्णपणें कळत नाहीं. डॉ. रणेन सेन तर आगबोटीवर चढलेच नाहींत; परंतु सेवेला उभे राहणारांच्या यादींत त्यांचें नांव असलेंच पाहिजे. जो गेला नाहीं त्यालाही जाण्याची इच्छा होती, हें ज्या इतिहासांत येत नाहीं तो इतिहास अपुरा होय.

सारांश, १८९९ व १९१४ सालीं हिंदी मनुष्यानें सेवेची परवानगी मागितली. १९१२ सालीं समाजानें आपला पैसा व आपलीं माणसें उभीं केलीं. १९३८ सालीं राष्ट्रानें, परवान्यापुरतें परतंत्र असूनही, आपल्या नांवानें माणसें धाडलीं. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीं नऊ वर्षें ही गोष्ट घडली. कोटणीसांच्या समाधीइतकाच त्यांचा अर्जही आमच्या आदराला पात्र आहे, तो याचसाठीं. सोलापूर, नागपूर व मुंबई येथील जुन्या घरांत त्या काळचीं पत्रें, वर्गणीच्या पावत्या, सभांच्या जाहिराती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या रद्दींत जाऊं न देतां जपाव्या व अभ्यासकांस दाखवाव्या, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितों.