चिठ्ठीवरचं नाव

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात एकदा मास्तरांनी वर्गाला विचारलं, मोठेपणी कोण होणार? प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पोरांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली. एका मुलानं मात्र स्वतःचंच नाव लिहिलं: आपण यशवंतराव चव्हाण होणार. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात चव्हाणांनी ही आठवण सांगितली आणि तेव्हापासून साताऱ्या-सांगलीकडच्या वक्तृत्व स्पर्धांना ती आयतीच मिळाली. मुलाला आत्मविश्वास किती होता, हे सांगायला तिचा उपयोग होतो. तो मुलगा त्या वर्षांत काय वाचत होता, हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही.

चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे इथं आजोळी झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा साताऱ्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा चव्हाण सातारचे की सांगलीचे, हा वाद अजून कुणी घालत असेल तर त्याला एवढंच उत्तर पुरे. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. प्लेगनं ते गेले आणि विठाईनं हिमतीवर पोरं वाढवली. घरात ग्रंथसंग्रह वगैरे असण्याचा प्रश्नच नव्हता. पण बंधू गणपतराव ब्राह्मणेतर चळवळीत होते. म्हणजे शाळेला नाव टिळकांचं आणि घरात वारं सत्यशोधकांचं. या दोन्हींच्या मधे उभं राहून मुलाला आपलं काय ते ठरवायचं होतं. चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाचं नाव त्याला का लिहवलं नसेल, याचा थोडा उलगडा इथं होतो.

मग आलं १९२९. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास उपोषणाला बसले होते. कऱ्हाडात सोळा वर्षांचा विद्यार्थी वर्तमानपत्रातून त्या उपोषणाच्या बातम्या वाचत होता. ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबरला, दास गेले. घरातलं माणूस गेल्यासारखा तो रडला. क्रमिक पुस्तकातल्या कुठल्याही धड्यानं जे केलं नव्हतं, ते छापील बातम्यांनी केलं. शेकडो कोसांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसाशी त्याचं नातं जुळलं. वाचनाचे फायदे सांगणाऱ्या निबंधांत हा फायदा क्वचितच येतो.

१९३२ मध्ये त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खरं कॉलेज इथं सुरू झालं म्हणायचं. येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन, एस. एम. जोशी अशी मंडळी होती. कालिदासापासून मार्क्सपर्यंत सगळ्यावर तिथं बोलणं चाले. बेलिफाचा मुलगा बराकीत बसून ‘मेघदूत’ ऐकतो आणि त्याच जागी गांधीवाद आणि समाजवाद यांची खडाजंगीही ऐकतो, असा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाला आखता आला नसता. मॅट्रिक व्हायला मात्र १९३४ उजाडलं. पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. हल्लीच्या हिशेबानं मुलगा चांगलाच मागं पडला होता!

पण स्वतःचं नाव चिठ्ठीवर लिहायला आधी वर्गात बाकावर बसू द्यावं लागतं. याच जिल्ह्यात तीन दशकं आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झालं, रजिस्टरातला क्रमांक १९१४. हेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवा वर्गात वेगळा बसे, गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा रोज घरून न्यायचा आणि रोज परत आणायचा, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावणार नव्हता. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही. १९०१ मध्ये कोरेगावला वडिलांकडे निघालेला भिवा आणि त्याच्याबरोबरची घरची पोरं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवाले मागं सरले. अखेर दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही बैलगाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. मसूरहून कऱ्हाड फार लांब नाही. कऱ्हाडची चिठ्ठी आणि मसूरची बैलगाडी एकाच मुलखातल्या आहेत, हे विसरून चालत नाही.

भाऊराव पाटलांना हे पक्कं माहीत होतं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथं येऊन त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. पुस्तक त्यानंतर. उपाशी पोराला वाचनाची गोडी लावता येते, असा भ्रम भाऊरावांना नव्हता.

शाळेनं ज्यांना धरून ठेवलं नाही, त्यांचीही एक यादी या भागात आहे आणि ती शाळेला फारशी भूषणावह नाही. कवी ग. दि. माडगूळकर मॅट्रिक नापास. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांनी बेचाळीसच्या चळवळीपायी शाळा सोडली. पुढं ‘बनगरवाडी’त त्यांनी लिहिलं ते नेमकं एका कोवळ्या मास्तराबद्दल, औंध संस्थानातल्या धनगरवाडीत शाळा भरवू पाहणाऱ्या. पोरांना शिकवता शिकवता तो मास्तरच मोठा होतो. आटपाडीचे शंकरराव खरात मात्र शिकून कुलगुरू झाले आणि ‘तराळ-अंतराळ’मध्ये त्यांनी आपली सगळी वाटचाल मांडली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंना तर शाळा जेमतेम दीड दिवस. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते अक्षरं जुळवायला शिकले. त्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

महाराष्ट्र राज्य होताच त्याच वर्षी, १९६० मध्ये, चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं आणि अध्यक्षपदी वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना बसवलं. मराठी विश्वकोशाचं काम वाईतच उभं राहिलं. तुरुंगात ऐकलेल्या चर्चांचं हे सरकारी रूप म्हटलं तरी चालेल. राजकारण्यांत असे वाचणारे थोडे. चव्हाणांचा ग्रंथसंग्रह आजही कऱ्हाडला वेणूताई चव्हाण स्मारकात आहे.

मात्र वाचणाऱ्या माणसाची परीक्षाही कऱ्हाडातच झाली. डिसेंबर १९७५ मध्ये तिथं साहित्य संमेलन भरलं. देशात आणीबाणी होती. दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. कैदेतून नुकतेच सुटलेले जयप्रकाश नारायण तेव्हा गंभीर आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्यासाठी भर मांडवात प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्या स्वतः तुरुंगात गेल्या. लाहोरच्या कैद्यासाठी रडलेला मुलगा आता कैद करणाऱ्या सरकारात होता. त्या मांडवात त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्यानं लिहायला हवं होतं. पण ‘कृष्णाकाठ’ १९४६ पर्यंत येऊन थांबतं. ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ अशी पुढच्या दोन भागांची नावं ठरली होती. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी चव्हाण गेले आणि दोन्ही भाग लिहायचे राहिले.