आज्ञावल्यांची यंत्रपरीक्षा

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कणकवली तालुक्यांत, तळेरे नांवाचें गांव आहे. येथून एक फांटा पश्चिमेस विजयदुर्गाकडे जातो व दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून, गगनबावड्याचा घाट चढून, कोल्हापुरास मिळतो. या हमरस्त्यास पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणत. २०१० सालच्या फेरक्रमांकनांत तो ६६ झाला. नांव पालटलें, रस्ता तोच राहिला. विजयदुर्गास निघालेला कोणी वाटसरू त्यामुळें चुकला नाहीं. याच्या उलट घडलें, म्हणजे पाटी तीच राहून पाटीमागचा रस्ताच कोणी रातोरात बदलला, तर मात्र अनर्थ होईल. जमिनीवर असें घडत नाहीं. संगणकाच्या पोटांत तें घडतें, तेंहि क्षणार्धांत. आणि तें आधींच हुडकून काढण्यासाठीं संगणकासच पहारेकरी नेमण्याचा इतिहास पुष्कळ उद्बोधक आहे.

हा विषय केवळ यंत्रशास्त्र्यांचा नाहीं. तळेऱ्याच्या शेतकऱ्याचा सातबारा एके काळीं तलाठ्याच्या दप्तरांत कागदावर असे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रांत मिळूं लागला. बँकेचें खातें, रुग्णालयांतील नोंदी, घरांतील लग्नाचीं छायाचित्रें, सर्व आतां फायलींच्या रूपानें नांदतात. फाईल उघडावयाची, तिची नक्कल करावयाची, ती ठेवण्यास नवा कप्पा करावयाचा, हीं कामें प्रत्येक मोठी आज्ञावली स्वतः नव्यानें लिहीत बसत नाहीं. तीं करणारे लहान लहान तयार भाग असतात, व ते जो तो उसने घेतो.

असे तयार भाग असावेत हा विचार ऑक्टोबर १९६८ मध्यें जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेंत बेल प्रयोगशाळेच्या डग्लस मॅक्इलरॉय यांनीं आग्रहानें मांडला. खिळे, मोळे, नटबोल्ट जसे कारखान्यांतून तयार मिळतात, तसे आज्ञावल्यांचे भागहि मिळावेत, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढल्याच वर्षीं त्याच प्रयोगशाळेंत 'युनिक्स' या प्रणालीस आरंभ झाला, आणि एकेक काम नेटकें करणाऱ्या छोट्या साधनांची तिची परंपरा जगभर पसरली. सोय मोठी झाली खरी. परंतु उसन्या वस्तूची एक खोड असते. हजारों लोक ती वापरतात, म्हणून ती निर्दोष असणार असें प्रत्येकास वाटतें, आणि तपासून कोणीच पाहत नाहीं.

याचें ठळक उदाहरण युनिक्समधील 'एमकेडिर' या साधनाचें आहे. त्याचें काम अगदीं क्षुल्लक, नवा कप्पा करावयाचा. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तींत कप्पा निर्माण करण्याचा अधिकार फक्त मुख्य व्यवस्थापकास होता. म्हणून हें साधन, चालविणारा कोणीहि असो, व्यवस्थापकाचा अधिकार अंगावर घेऊन चाले. तें दोन पायऱ्यांत काम करी. आधीं कप्पा व्यवस्थापकाच्या मालकीचा तयार होई. मग त्या नांवानें कप्प्याची मालकी मागणाऱ्याकडे जाई. या दोन पायऱ्यांमधील निमिषांत एखाद्या लबाडानें तो नवा कप्पा काढून टाकून, त्याच नांवाचा धागा सर्वांच्या परवलीच्या शब्दांच्या फायलीस जोडला, कीं दुसऱ्या पायरीस ती फाईलच त्याच्या मालकीची होऊन जाई! पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमालांची कल्पना करावी. कारकुनानें रुमालावरची चिठ्ठी वाचली, मोहोर आणावयास तो आंत गेला, तेवढ्यांत कोणी ती चिठ्ठी दुसऱ्याच रुमालावर लावली, आणि परत येऊन त्यानें चिठ्ठी पाहून मोहोर उठविली. कारकुनाची एकहि कृति बेकायदा नाहीं. तरी घात झाला. १९८३ मध्यें बर्कले येथील विद्यापीठानें आपल्या युनिक्स आवृत्तींत दोन्ही पायऱ्या मिळून एकच अखंड क्रिया केली, तेव्हां तेथें हें छिद्र बुजलें.

असले दोष कोणीं शोधावे? आयबीएम कंपनीच्या मायकेल फॅगन यांनीं १९७६ मध्यें माणसांकडून आज्ञावली ओळीनें वाचवून घेण्याची शिस्तबद्ध पद्धति प्रसिद्ध केली. ती आजहि उपयोगी आहे. परंतु माणूस थकतो, आणि ओळखीच्या ओळीवरून त्याची नजर घसरते. १९७८ मध्यें बेल प्रयोगशाळेच्याच स्टीफन जॉन्सन यांच्या 'लिंट' या साधनाचें वर्णन प्रसिद्ध झालें. लिंट म्हणजे कापडावरची लव. 'सी' भाषेंतील आज्ञावलीवर राहिलेली असली लव तें टिपून दाखवी. त्याच्या आधीं, १९७३ सालीं, गॅरी किल्डॉल यांनीं आज्ञावली न चालवितां, तिच्या प्रत्येक वाटेनें कोणतें मूल्य कोठें पोंचेल हें गणितानें काढण्याची सर्वसाधारण रीति सांगितली होती. याच किल्डॉल यांनीं पुढें 'सीपी-एम' ही प्रणाली लिहिली, आणि संगणकाच्या साठ्यास ए, बी, सी अशीं अक्षरें देण्याची चाल तिच्यांतूनच घरोघर आली. फायली ठेवण्याची व्यवस्था व आज्ञावली तपासण्याचें गणित एकाच माणसाच्या हातून पुढें जावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

एमकेडिरच्या जातीचा दोष यंत्राकडून हुडकविण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९६ सालचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेंतील मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनीं फाईल आधीं तपासणें व मग वापरणें, अशा जोड्या आज्ञावलींतून शोधणारें साधन केलें, आणि टपाल पोंचविणाऱ्या प्रसिद्ध 'सेंडमेल' आज्ञावलीवर तें लावून पाहिलें. अर्थात् यंत्र सांगूं शकतें तें एवढेंच, कीं येथें फट आहे. त्या फटींतून कोणास शिरतां येईल कीं नाहीं हें त्या जागेच्या भोंवतालावर अवलंबून. ही मर्यादा त्या दोघांच्या साधनापुरती नव्हे. ॲलन ट्युरिंग यांनीं १९३६ मध्यें व हेन्री राइस यांनीं १९५३ मध्यें सिद्ध केलें आहे कीं, कोणत्याहि आज्ञावलीच्या वर्तनाविषयींच्या प्रश्नाचें अचूक उत्तर नेहमीं देईल असें यंत्र असूंच शकत नाहीं. परीक्षक यंत्र कधीं खरा दोष सोडील, कधीं नसता दोष दाखवील. दोन्ही चुका टाळणें त्याच्या हातीं नाहीं.

तरीहि २००८ मध्यें एक विलक्षण निकाल हातीं आला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील कॅडार, डनबार व एंग्लर यांनीं 'क्ली' नांवाचें साधन रचलें. आज्ञावलीस प्रत्यक्ष माहिती न देतां, बीजगणितांतील 'क्ष' प्रमाणें अव्यक्त राशि द्यावयाची, आणि प्रत्येक फाट्यावर 'क्ष' अमुक असेल तर ही वाट, नसेल तर ती, अशा दोन्ही वाटा धुंडाळावयाच्या, ही त्याची रीति. परीक्षेस घेतलीं तीं फायलींचीं नित्याचीं ८९ साधनें, म्हणजे एमकेडिर व त्याचीं भावंडें. ज्यांवर जगांतील असंख्य संगणक चालतात, तीं हीं साधनें. त्यांच्या कर्त्यांनीं पंधरा वर्षांत जमविलेल्या चांचण्या एकंदर ओळींपैकीं ६७.७ टक्के ओळींपर्यंत पोंचत. क्लीनें प्रत्येक साधनास सुमारें तासभर दिला आणि ८४.५ टक्के गांठले. पंधरा वर्षांहून अधिक काळ कोणाच्याहि दृष्टीस न पडलेले तीन दोष त्यांत निघाले. मजकुराचीं पानें पाडणाऱ्या 'पीआर' या साधनांतील एक तर निदान १९९२ पासून तेथें बसून होता. नवा कप्पा करणारा एमकेडिरहि विशिष्ट रीतीनें हांक मारली असतां कोसळतो, असें आढळलें. हा दोष मात्र जुन्या छिद्राहून वेगळा.

या विद्येंत महाराष्ट्राचाहि वाटा आहे. पुण्यास १९८१ मध्यें स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेंत 'सी' भाषेंतील आज्ञावल्या तपासणारें साधन तयार झालें. शून्यानें भागाकार होतो काय, यादीच्या हद्दीबाहेर हात जातो काय, हें तें न चालवितां पाहतें. मुंबईच्या आयआयटींतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांनीं किल्डॉलच्या परंपरेंतील या गणितावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ मध्यें निघाला.

अडचण आतां गणिताची कमी व माणसाची अधिक आहे. असलीं साधनें विकणाऱ्या 'कव्हेरिटी' कंपनीच्या मंडळींनीं २०१० मध्यें आपला अनुभव लिहिला, तो या दृष्टीनें वाचनीय आहे. शंभरांत तीसांहून अधिक इशारे खोटे निघूं लागले, कीं लोक साधनाकडे पाहणेंच सोडून देतात, आणि मग त्या गर्दींतले खरे इशारेहि वायां जातात. इतकेंच नव्हे, तर समजण्यास कठीण असा खरा दोष वाचणाऱ्यास खोटा वाटतो, व तो बाजूस सारला जातो. म्हणून असे परीक्षक रचणारांस, शोधलेल्यांतले कांहीं इशारे मुद्दाम गाळून, जे सहज पटतील तेवढेच पुढें करण्याचें धोरण पत्करावें लागलें.