दूरवैद्यकाचा आरंभकाल : ऑस्ट्रेलियातील क्रमांकित औषधपेटी

वैद्य आणि रोगी यांच्यामधील अंतर यंत्राच्या साहाय्याने ओलांडता येते, ही कल्पना अलीकडची मानली जाते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाचा इतिहास पाहता मात्र तिचे मूळ शंभर वर्षांहून मागे जाते. त्या इतिहासातील अधिक बिकट प्रश्न यंत्राचा नसून भाषेचा होता, असेही दिसून येते.

१९१७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. त्याला हॉल्स क्रीक येथे आणण्यात आले. तेथे डॉक्टर नव्हता, तारघर होते. पोस्टमास्तर टकेट याने पर्थच्या डॉ. हॉलंड यांच्याशी तारेने संपर्क साधला आणि मोर्स संकेतांतून आलेल्या सूचनांनुसार साध्या चाकूने शस्त्रक्रिया केली. हॉलंड यांची प्रथमोपचारावरील व्याख्याने टकेटने पूर्वी ऐकली होती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. तारेवरून केवळ शब्द गेले. त्यांचा अर्थ लावण्यापुरते ज्ञान दुसऱ्या टोकाला आधीच होते. हॉलंड प्रत्यक्ष पोहोचले, तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता.

१९१२ पासून अंतर्भागात कार्य करणाऱ्या प्रेस्बिटेरियन मिशनचे प्रमुख जॉन फ्लिन यांनी या घटनेचा आधार घेऊन विमानसेवेची मागणी लावून धरली. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरी येथून पहिले वैद्यकीय उड्डाण झाले. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे होऊन २२५ रुग्णांवर उपचार झाले. परंतु विमानास बोलावणार कसे? आल्फ्रेड ट्रेगर याने पायाने फिरवून वीज निर्माण करणारा रेडिओसंच तयार केला व १९२९ मध्ये तो वापरात आला. आरंभी त्यावरून मोर्स संकेतच पाठविता येत. ते न येणाऱ्यांसाठी ट्रेगरने टंकलेखनयंत्रासारखी कळफलकाची जोड दिली. १९३० च्या दशकाच्या मध्यास प्रत्यक्ष आवाज जाऊ लागला.

आवाज पोहोचला, तरी औषध हाती असल्यावाचून सल्ला निष्फळच. आणि औषधांची लॅटिन-ग्रीक नावे खरखरत्या रेडिओवर सामान्य गृहिणीस कळणे दुरापास्त. १९४२ मध्ये परिचारिका ल्यूसी गार्लिक यांच्या सूचनेवरून सर्वत्र एकसारखी औषधपेटी प्रचारात आली. तीत प्रत्येक औषधास क्रमांक होता. डॉक्टरने आकडा सांगावा व घरच्या माणसाने त्या आकड्याची बाटली काढावी, एवढे पुरे. शरीराच्या भागांनाही आकडे देणारा तक्ता पुढे जोडीस आला. त्यामुळे दुखण्याची जागा निश्चित सांगता येऊ लागली. या पेट्या आजही वापरात आहेत.

संकेताची मर्यादा दाखविणारी एक विनोदी कथा त्या प्रदेशात सांगतात. नऊ क्रमांकाची गोळी संपली होती, म्हणून कोणी पाच आणि चार मिळून दिली! येथे आकडा हे नाव आहे, संख्या नव्हे, हा भेद भाषेच्या अभ्यासकास सहज पटेल. उपचार करणाऱ्यास मात्र तो शिकवावा लागतो.

याहून गंभीर मर्यादा सामाजिक होती. मिशनचे लक्ष मुख्यतः गोऱ्या वसाहतकारांकडे होते. रेडिओ आणि पेटी पशुपालन केंद्रांतील मुख्य घरी असत. तेथे राबणाऱ्या आदिवासींची व्यथा डॉक्टरपर्यंत जाई ती मालकाच्या घरातून व इंग्रजीतून. आकड्यांनी औषधाच्या नावाची अडचण दूर केली. वेदना कोणाच्या शब्दांत सांगावयाची, हा प्रश्न त्यांनी सुटला नाही.

भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेत आरोग्यकेंद्रातील कर्मचारी रोग्याच्या शेजारी बसून दूरच्या डॉक्टरशी संवाद घडवितो. महाराष्ट्रातील रुग्ण त्या कर्मचाऱ्यास ‘कणकण’, ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’ असे निरनिराळे शब्द सांगतो. या सर्वांसाठी पडद्यावर ‘वेदना’ एवढीच नोंद झाली, तर चित्र कितीही स्वच्छ दिसले तरी निदानास उपयोगी असा भेद वाटेतच हरवेल. दूरवैद्यकाच्या इतिहासात यंत्रांइतकेच महत्त्व दुभाष्याला द्यावे लागते, ते याच कारणासाठी होय.