लघुकर्ज : आर्थिक जाण, आत्मविश्वास आणि स्वास्थ्य

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास तारणाविना दिल्या जाणाऱ्या कर्जास लघुकर्ज म्हणतात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे या कर्जास पात्र ठरतात. अशा कर्जाचे यश बहुधा परतफेडीवरून मोजले जाते. परंतु वेळेवर भरलेला हप्ता दुसरे कर्ज काढून किंवा घरखर्चास कात्री लावूनही भरलेला असू शकतो. म्हणून कर्जदाराची जाण, आत्मविश्वास आणि स्वास्थ्य यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

जाण : १२,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के दराने वर्षभरासाठी घेतले आणि व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारले, तर ते १,४४० रुपये होते. हेच व्याज दरमहा घटत जाणाऱ्या शिलकीवर आकारले, तर समान मासिक हप्त्यांत ते सुमारे ७९४ रुपये भरते. सांगितलेला दर एकच. भार मात्र पावणेदोन पटींहून अधिक. तेव्हा ‘दर किती?’ याबरोबरच ‘व्याज कशावर?’ हेही विचारले पाहिजे.

आत्मविश्वास : हा प्रश्न मनात येणे निराळे आणि अधिकाऱ्यासमोर विचारणे निराळे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक सभासद निरक्षर असल्याच्या कारणावरून तो नाकारला गेला. महिलांनी अक्षरे गिरवली आणि त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्हांस विचारा, असे आव्हानच त्यांनी अधिकाऱ्यांना दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीही येत होता. तो ठामपणे मांडण्याची संधी त्यांनी मिळवली.

स्वास्थ्य : कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावेत, लघुकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड नसावा आणि कर्जपत्रक कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे, असे नियम आहेत. मात्र आजारपण किंवा अवर्षण आल्यावर हाताशी थोडी बचत नसेल, तर नियमांत बसणारा हप्ताही जड होतो.

नियम कर्जदारास संरक्षण देतात; पण ते मागण्यासाठी आधी ते ठाऊक असावे लागतात आणि मागण्याचे बळही अंगी असावे लागते.